दामोदररावांच्या नावची ठेव

भदैनीत राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानी माथा टेकविताना पाठीशी मूल बांधलेली त्यांची मूर्ती आपणां काशीकर महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्या मुलाच्या नावे सरकारी खजिन्यात जी रक्कम होती तिचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांस दत्तक घेतले होते. लॉर्ड डलहौसीने राज्यापुरते हे दत्तक नामंजूर करून १८५४ साली झाशी खालसा केली. खाजगी मालमत्तेपुरते मात्र तेच दत्तक धर्मशास्त्राप्रमाणे ग्राह्य धरले. सुमारे सहा लाख रुपये दामोदरराव सज्ञान होईपर्यंत कंपनी सरकारने आपल्याकडे ठेवून घेतले. ही मेहेरबानी नव्हती. सरकारनेच मान्य केलेली वारसाची ठेव होती. मुंजीसाठी त्यांतील एक लाख मागताना प्रत्यक्ष आईला जामीनदार द्यावे लागले. उलट, दिवंगत राजांचे ३६,००० रुपयांचे कर्ज राणींच्या तनख्यातून वळते करावे, असे सरकारने ठरविले. राज्य ज्याने घेतले त्याने कर्जही घ्यावे, हे राणींचे म्हणणे कोणी ऐकले नाही. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माझ्यासारख्यालाही हा हिशेब समजत नाही.

जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. एके काळी काशीत चिमाजीअप्पांच्या पदरी असलेले त्यांचे वडील मोरोपंत तांबे यांना त्यापूर्वीच फाशी झाली होती. बंडाच्या नावाखाली ठेव जप्त झाली. आईस बंडखोर ठरविले तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा अपराध कोणता?

ठेव ज्याच्या हाती, वारसाचा हक्क ठरविणाराही तोच, ही अडचण झाशीपुरती नाही. नाझी अत्याचारांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या विमापत्रांचेही असेच झाले. वारस कंपन्यांकडे गेले, तेव्हा मृत्यूचा दाखला मागण्यात आला. छळछावण्यांत दाखले कोण देणार? कित्येकांची विमापत्रे नाझी राजवटीनेच वसूल करून घेतली होती. अखेर १९९८ साली लॉरेन्स ईगलबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. पुराव्याच्या अटी शिथिल झाल्या, विमेदारांची पाच लाखांहून अधिक नावे प्रसिद्ध झाली आणि २००७ पर्यंत ४८,००० हून अधिक अर्जदारांना तीस कोटींवर डॉलर मिळाले. तोवर मूळ वारसांपैकी कितीतरी जण काळाच्या पडद्याआड गेले होते, हे खरे. तरी दप्तर उघडले गेले.

झाशीच्या ठेवीसाठी याद्या शोधण्याचीही गरज नव्हती. नाव एक, रक्कम ठाऊक, आणि ती मान्य करणारे सरकारही तेच. रानोमाळ हिंडून दामोदरराव १८६० साली इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांपुढे हजर झाले. त्यांना माफक तनखा मिळाला. सहा लाख मिळाले नाहीत. उर्वरित आयुष्य त्यांनी इंदूरलाच काढले. छायाचित्रणाचा त्यांना छंद होता. २८ मे १९०६ रोजी ते वारले. पुढच्या पिढ्यांनी ‘झाशीवाले’ हे आडनाव तेवढे जपले.