हातरंधा

लाकडाचा पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत करण्याचे सुतारी हत्यार. वाकसाने तासलेल्या लाकडावर घावांच्या खुणा राहतात. रंध्याचे पाते मात्र तळाच्या आधारामुळे ठराविक खोलीपर्यंतच जाते व पातळ, अखंड छिलका काढते. म्हणून तळाचा सपाटपणा, पात्याची घट्ट बैठक आणि पात्यापुढील तोंडाचा अरुंदपणा या तीन गोष्टींवर त्याचा दर्जा ठरतो. रचना बदलत गेली, तरी ही कसोटी कायम राहिली आहे.

इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई येथे, तसेच इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथे रोमन काळातील रंधे सापडले आहेत. त्यांत पाते पाचरीने आवळीत. भारतीय सुतारांचा पारंपरिक लाकडी रंधाही पाचरीचाच आहे. अशा रंध्यात हलके ठोके देऊन पात्याची खोली ठरवितात व झिजलेला तळ सुतार स्वतःच सरळ करतो. त्यामुळे हत्याराच्या दर्जाची जबाबदारी बव्हंशी त्याच्यावरच असते. अठराव्या शतकात पाश्चात्त्य रंध्यांत पात्यावर दुसरी लोखंडी पट्टी बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. ही पट्टी धारेलगत ठेवल्यास छिलका लगेच वाकतो व उलट्या तंतूंचे लाकूड उचकटत नाही.

अमेरिकेत हॅझर्ड नोल्झ यांनी १८२७ मध्ये बिडाच्या रंध्याचे पेटंट घेतले. तथापि धातूच्या रंध्याचा खरा प्रसार लेनर्ड बेली यांच्या शोधांमुळे झाला. त्यांच्या रचनेत चाकी फिरवून पाते खालीवर करता येते. ही पेटंटे स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली. स्कॉटलंडमधील स्पायर्स व लंडनमधील नॉरिस या उत्पादकांनी धातूच्या सांगाड्यात कठीण लाकूड भरलेले, जाड पात्याचे रंधे बनविले.

या बदलामुळे अचूकतेचे काम सुताराकडून कारखान्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या यंत्रांमुळे हातरंध्यांची मागणी घटली आणि खर्च वाचविण्यासाठी तळ व बैठक घासण्यात हयगय होऊ लागली. बिडाचा तळ सरळ करणे लाकडी तळाइतके सोपे नसल्याने तिचा भार पुन्हा सुतारावरच पडला. १९८१ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात स्थापन झालेल्या ली-नीलसन कंपनीने जुन्या उत्तम नमुन्यांच्या आधारे अचूक घडणीचे रंधे पुन्हा बाजारात आणले.

यामुळे केवळ नवेपणावरून किंवा नावावरून रंध्याची निवड करणे योग्य ठरत नाही. तळावर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरल्यास त्यातील बाक दिसतो. तो विशेषतः टोकांशी व तोंडाजवळ नसावा. पाते बैठकीवर डुगडुगू नये. जुन्या रंध्यावरील वरवरचा गंज काढता येतो; परंतु तोंडाशी तडा गेलेला किंवा पात्याच्या धारेजवळ गंजाचे खड्डे पडलेले असलेला रंधा घेऊ नये. चांगल्या नव्या रंध्याचे पातेही वापरण्यापूर्वी धार लावून घ्यावे लागते.