किनाऱ्यावरचे चार तास

कॅरिबियन समुद्रातील सफरींची वर्णने आता आपल्याकडील घरांतही ऐकू येऊ लागली आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना आग्रहाने अशा जहाजावर घेऊन जातात. रात्रभर जहाज चालते आणि सकाळी एखाद्या बेटाला लागते. मग उतारूंचे थवेच्या थवे बसमधून किल्ला, धबधबा, बाजार असे काहीबाही पाहून येतात आणि संध्याकाळच्या आत जहाजावर परततात. जहाजाच्या व्यवस्थेतून काढलेल्या सहलीस उशीर झाला, तर जहाज वाट पाहते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या प्रवाशासाठी सहसा ते थांबत नाही. घड्याळाच्या काट्यावर देश पाहण्याची ही रीत आधुनिक वाटते खरी. परंतु आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तिचे पूर्वसूरी साडेचारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उतरलेले आहेत. ते उतरले घारापुरीला.

मुंबई बंदरातील हे लहानसे बेट. तेथील मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा वैद्य हे लेणे पाहून गेला. 1563 साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात त्याचे वर्णन आले आहे. 1538 साली जुआंव द कास्त्रू या दर्यावर्दीने लेण्याची मापे घेतली आणि तेथील कारागिरीची मनापासून वाखाणणी केली. हाच कास्त्रू पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. लेण्याच्या नासधुशीचा दोष पोर्तुगीज सैनिकांवर ठेवण्यात येतो आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ज्याने प्रथम हे लेणे डोळसपणे मोजले, तोही पोर्तुगीजच होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आमच्या मते खरी हानी वेगळीच झाली. दियोगु द कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नमूद केले आहे की, लेण्याच्या दारावर मोठ्या, सुबक अक्षरांत कोरलेली एक शिळा होती. ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे पाठविण्यात आली. तत्पूर्वी येथील हिंदू व मुसलमान जाणकारांना ती दाखविली होती. कोणासही वाचता आली नाही. राजानेही पुष्कळ खटपट केली, पण व्यर्थ. त्यानंतर त्या शिळेचा मागमूस लागलेला नाही. ब्राह्मीपासून निघालेल्या जुन्या लिप्या वाचण्याची किल्ली विद्वानांच्या हाती आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. ती शिळा अडीचशे वर्षे जागेवर राहती, तर लेणे कोणी कोरविले हा प्रश्न कदाचित उरलाच नसता. आज बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांवरून अभ्यासकांना अनुमान बांधावे लागते.

नावाचेही तसेच झाले. धक्क्यापाशी उतरल्याबरोबर दगडी हत्ती दृष्टीस पडे, म्हणून पोर्तुगिजांनी बेटाला हत्तीचे नाव दिले आणि जगाच्या नकाशावर तेच ‘एलिफंटा’ या रूपात राहिले. त्या हत्तीची गत तर चटका लावणारी. 1814 साली त्याची मान व डोके ढासळले. 1864 साली त्याला विलायतेस नेण्याकरिता उचलू लागले, तेव्हा यारीसकट सारेच कोसळले. तुकडे मुंबईस आणले गेले आणि 1914 साली सांधून उभे करण्यात आले. राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही उभा आहे. ज्या हत्तीवरून बेटाला नाव पडले, तो बेटावर नाही!

मराठवाड्यातील धर्मापुरीला समुद्र माहीत नाही. तेथील केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर पाहावयास बंदरातून कोणी येत नाही. त्याची शिल्पे बाहेरच्या भिंतींवर आहेत. ती पाहावयाची म्हणजे मंदिराभोवती पायी फिरावे लागते. ऊन कलते तसा एकेक चेहरा उजळतो. घारापुरीचे लेणेही घाईत उलगडणारे नव्हे. पण आजचा प्रवासी उत्तरेच्या दाराने आत शिरतो आणि समोर दक्षिण भिंतीवरील सुमारे वीस फुटी तीन मुखांपाशी थेट जाऊन थबकतो. लेण्यातील उपासनेचा अक्ष मात्र पूर्व-पश्चिम आहे: चार दारांचे, द्वारपालांनी वेढलेले लिंगमंदिर पश्चिमेच्या अंगास आहे. ‘त्रिमूर्ती’ हे नावही उतारूंच्या पहिल्या समजातूनच रूढ झाले. ब्रह्मा, विष्णू, महेश असे तीन देव तेथे नाहीत. ती एकट्या शिवाची मुखे आहेत: एक उग्र, एक सौम्य आणि मधले शांत. बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे तर फारच थोडे पाय वळतात.

पुढे आगबोटी आल्या. 1875 साली युवराज एडवर्डला बेटावर नेऊन लेण्यातच मेजवानी दिली गेली. त्या दिव्यांच्या झगमगाटात देवांकडे किती पाहुण्यांचे लक्ष गेले असेल, कोण जाणे. 1909 साली अमेरिकन उतारूंना घेऊन जगप्रदक्षिणेस निघालेली ‘क्लीव्हलँड’ मुंबईस लागली. अशा सफरींचा धंदा त्यानंतर वाढतच गेला. 1987 साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, मग छोटी गाडी, मग दुकानांच्या रांगांमधून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सोमवारी लेणी बंद. पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही. शेवटच्या लाँचने परतावेच लागते.

त्यामुळे एक गोष्ट या असंख्य पाहुण्यांपैकी जवळजवळ कोणाच्याच ध्यानात आली नसावी. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांना रात्री काही तास जनरेटरवर काढावे लागत. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज पोहोचली ती 2018 साली.