मत्स्यविनोद आणि पिसांचा गळ

बदनापूर तालुक्यांतून वाहणारी दुधना पुढें पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. उन्हाळ्यांत तिच्या डोहांचें पाणी किती तापतें, हें त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको. ट्राउट हा विलायती मासा अशा पाण्यांत जगावयाचा नाहीं. त्यास थंड, वाहतें पाणी हवें, म्हणून इंग्रजांनीं तो काश्मिरांत व निलगिरीवर नेऊन सोडला. तथापि त्या माशासाठीं पश्चिमेकडे जी गळविद्या वाढली, तिच्या तोडीचें कांहीं आमच्या दक्षिणेंतही सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें होतें, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकांतला 'मानसोल्लास' मराठी वाचकांस परिचित आहे तो त्यांतील ओवीच्या उल्लेखामुळें. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९२५ पासून निघूं लागला. त्यांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे सुमारें ३५ मासे तेथें सांगितले आहेत. कोणास कोणतें खाद्य घालावें, दोरी कशी करावी, काठी कशी असावी, हेंही आहे. राजानें इतक्या बारकाव्यांत शिरावें याचें आम्हांस कौतुक वाटतें. मात्र भर सारा खऱ्या खाद्यावर.

पिसाची युक्ति वास्तविक फार जुनी. मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोंकर व कोंबड्याचीं पिसें गळास बांधून मासे फसवीत, असें ईलियन या रोमन ग्रंथकारानें सुमारें इ. स. २०० मध्यें लिहिलें. १४९६ च्या एका इंग्रजी पुस्तकांत अशा १२ कृत्रिम कीटकांचीं वर्णनें आहेत. कीटकाऐवजीं लहान मासोळीची नक्कल करणारा लांब पिसांचा गळ मात्र अलीकडचा. अमेरिकेंतील मेन प्रांतीं कॅरी स्टीव्हन्स या बाईंनीं १९२४ सालीं स्वतः बांधलेल्या अशाच गळावर ६ पौंड १३ औंसांचा ट्राउट धरला, आणि या प्रकारास कीर्ति आली. तो खोल जावा म्हणून गळाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळतात, किंवा डोक्याशीं शिशाचे दोन डोळे बांधतात. दोरी ओढली कीं गळ वर उसळतो, सैल सोडली कीं डोकें खालीं करून बुडतो. जखमी मासोळीची हीच चाल. डोळे दांडीच्या वरच्या अंगास बांधिले तर गळ उलटा होऊन टोंक वर राहतें, व दगडांत कमी अडकतें.

हें आमच्याकडे कां सुचलें नाहीं? बुद्धि कमी होती म्हणून नव्हे. रोहू झाडपाला, शेवाळ खाणारा मासा. त्यास पिठाची गोळी पुरते. ट्राउट पळत्या भक्ष्यामागें धांवतो. पण हें उत्तर पुरेसें नाहीं, हेंही आम्ही कबूल करतों; कारण महसीर लहान मासेही गिळतो, आणि तो तर आमच्या नद्यांतलाच. सायक्स साहेबानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करितांना त्याची येथली जात 'खुद्री' या नांवानें नोंदली. 'कोलस', 'नुक्ता' हीं त्यानें दिलेलीं नांवेंही शास्त्रांत अद्याप टिकून आहेत.

सोमेश्वराच्या प्रकरणाचा प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें अभ्यास सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केला. धरणांच्या पाण्यांत आतां कटला-रोहूचें बीज सोडतात. जुन्या माशांबरोबर त्यांचीं नांवेंही मागें पडण्याचें भय आहे. तत्पूर्वीं दुधना-गोदेकाठच्या भोयांच्या तोंडचीं नांवें कोणीतरी त्या यादीशेजारीं मांडून पाहावीं, असें आम्हांस फार वाटतें.