हवा, झडप आणि पंक्चरचे दुकान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या उर्दू शाळेतील आठवीच्या एका मुलाने रबराचा पंजा मांडला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्याने बोटे केली होती. दोन्ही तोंडे बंद, आणि एका बाजूला सोल्यूशनने चिकटवलेली जाड कापडाची पट्टी. मागे सायकलचा पंप, सलाइनच्या नळ्या आणि माशांच्या टाकीला लावतात तशा प्लॅस्टिकच्या छोट्या तोट्या. हवा भरली की रबराची बाजू ताणली जाई, कापडाची ताणली जात नसे, म्हणून बोट वाके. दुसरी तोटी उघडली की हवा निघून जाई आणि बोट सरळ होई.

परीक्षकांपैकी एकाने कौतुकाने विचारले, "वडील काय करतात?"

"पंक्चर काढतात," मुलगा म्हणाला.

"मग बरोबर आहे!" परीक्षक म्हणाले आणि आजूबाजूला हशा पिकला. मुलगाही हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही आणि त्या वेळी काही बोलताही आले नाही. पंक्चरवाला म्हणून केलेली थट्टा आमच्या समाजाला नवी नाही. ती इतकी जुनी झाली आहे की, आमची मुलेही तिच्यावर हसायला शिकली आहेत. पण "मग बरोबर आहे" हे शब्द आमच्या डोक्यातून गेले नाहीत. कारण हवेला कामाला लावण्याचा इतिहास आम्ही जसजसा वाचत गेलो, तसतसे लक्षात आले की ते खरोखरच बरोबर होते.

हा इतिहास एका दुकानातच सुरू होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात क्टेसिबिअस नावाचा माणूस होऊन गेला. रोमन लेखक विट्रुव्हिअस सांगतो की, तो नाभिकाचा मुलगा होता. वडिलांच्या दुकानातला आरसा वर-खाली सरकवता यावा म्हणून त्याने नळीत शिशाचे वजन सोडले. वजन खाली येताना नळीतली हवा दाबली गेली आणि आवाज करीत बाहेर पडली. हवा म्हणजे पोकळी नव्हे, तीही एक वस्तू आहे, तिला दाबता येते आणि तिच्याकडून काम करून घेता येते, हे त्याला उमगले. दाबपंप आणि पाण्याच्या दाबावर वाजणारे वाद्य त्याच्याच नावावर आहेत. त्याचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. त्याच वाटेने गेलेल्या फिलोचा हवेवरचा ग्रंथ आज जो उपलब्ध आहे, तो मुख्यतः अरबी भाषांतरामुळे.

येथे आपण बगदादला येतो. नवव्या शतकात खलिफा मामूनच्या आश्रयाने वाढलेले मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ 'बनू मूसा', म्हणजे मूसाची मुले, या नावाने ओळखले जातात. 'बैतुल हिकमा' या ज्ञानगृहाशी त्यांचा संबंध होता. मराठीत आपण 'हिकमती माणूस' म्हणतो, तो शब्द याच कुळातला. इसवी सन ८५० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हियल' लिहिले. उर्दूत 'हीला' म्हणजे बहाणा. हियल हे त्याचे अनेकवचन. पण अरबी यंत्रविद्येत त्याचा अर्थ युक्ती असा होतो. या पुस्तकात सुमारे १०० युक्त्या आहेत. बहुतेक गंमतीची भांडी. एकाच तोटीतून आळीपाळीने वेगवेगळी पेये देणारी सुरई, ओतणे एकदा थांबवले की पुन्हा आत घेतच नाही असे भांडे.

भांडी गंमतीची, पण आतली विद्या गंमतीची नाही. पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती उचलली तर पाणी आत राहते, बोट काढले की पडते, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. बनू मूसांनी या बोटाच्या जागी झडप बसवली. शंकूच्या आकाराची, आपल्या खाचेत नेमकी बसणारी, पाणी चढले-उतरले की आपोआप उघडणारी आणि मिटणारी. हवेला वाट द्यायची की नाही, हे माणसाऐवजी यंत्राने ठरवायचे. 'नियंत्रण' म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. हे भाऊ भाषांतरकारांना पदरचे पैसे देत. महिन्याला ५०० दिनार ते या कामावर खर्च करीत, असे इब्न नदीमने नोंदवले आहे. त्यांच्याशी जोडलेले हुनैन बिन इसहाक ख्रिस्ती होते, तर साबित बिन कुर्रा हर्रानचे साबी. ग्रीकांची विद्या, ख्रिस्ती आणि साबी पंडितांची लेखणी, मुसलमान भावांचे पैसे आणि डोके. विद्या कुणाची, असा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नसावा.

पुढे १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरीने आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या लांबलचक नावातच 'इल्म' आणि 'अमल' हे दोन शब्द एकत्र येतात: ज्ञान आणि प्रत्यक्ष कृती. करून न पाहिलेल्या विद्येवर त्याचा विश्वास नव्हता. पाणी खेचणारा दोन नळकांड्यांचा पंप त्याने वर्णन केला आहे. तरीही त्याच्या ५० यंत्रांपैकी बरीचशी राजाच्या मेजवानीसाठी, हात धुण्यासाठी, करमणुकीसाठी आहेत. टिपू सुलतानाचा प्रसिद्ध लाकडी वाघही असाच. दांडा फिरवला की आतले भाते हवा सोडतात, वाघ गुरगुरतो आणि त्याच्या पायाखालचा गोरा शिपाई विव्हळतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हवा राजाच्या दरबारात शतकानुशतके नाचली. सामान्य माणसाच्या हाती ती आली नाही.

ती आली एका मुलामुळे. १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या. त्यानंतर सायकलच्या चाकात जी झडप आली, ती आपल्याकडच्या साध्या सायकलला आजही असते. तिच्यात लोखंडी स्प्रिंग नसते, नुसती बारीक रबरी नळी असते; आपण तिला व्हॉलट्यूब म्हणतो. पंपाची हवा त्या रबराला फुगवून आत जाते; परत येऊ लागली की तेच रबर छिद्रावर घट्ट बसते. मऊ पदार्थाने हवेला हुकूम देणारे हे यंत्र गल्लीगल्लीत काही पैशांना विकले गेले आणि ते बदलून देणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणालो.

आमच्या परिसरात तर हवेचा कारभार दोन ठिकाणी रोज चालतो. भुसावळ हे रेल्वेचे गाव. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली आगगाडीसाठी हवेचा ब्रेक आणला. १८७२ साली त्याने तो उलटा केला: नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागावेत. गाडी मध्येच तुटली, नळी फुटली, तरी गाडी धावत न सुटता थांबते.

दुसरे ठिकाण म्हणजे आमचे दीपनगर. येथील औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ आणि १९८२ साली सुरू झाले, ५०० मेगावॅटचे संच नंतर आले. वाफ आणि पाणी अडवणाऱ्या कित्येक मोठ्या झडपांच्या डोक्यावर तबकडीसारखा घुमट असतो आणि आत रबरी पडदा. हवा आली की पडदा दबतो, दांडा सरकतो. जुन्या पद्धतीत त्याला निरोप पोचवणारी हवा ३ ते १५ पौंड दाबाची, म्हणजे फार तर मोटारीच्या चाकातल्या हवेच्या निम्मी. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण 'पूर्ण बंद कर' हा हुकूम आणि नळीच तुटलेली असणे, यांतला फरक कळला पाहिजे. आता निरोप विजेच्या तारेतून येतो, पण बऱ्याच झडपांवर शेवटचे काम अजून हवाच करते. आमच्या घरातला दिवा अशा रबरी पडद्यांच्या भरवशावर लागतो.

रबर आणि हवेला स्नायूचे रूप मिळाले तेही लेकरामुळेच. अमेरिकेतील जोसेफ मॅककिबेन हे भौतिकशास्त्रज्ञ १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीत वेळेची स्वयंचलित यंत्रणा सांभाळत होते. १९५० च्या दशकात त्यांच्या मुलीला पोलिओ झाला, हात लुळे पडले. तेव्हा विणलेल्या जाळीत रबरी नळी घालून त्यांनी कृत्रिम स्नायू वापरात आणला. वायू भरला की नळी जाड होते, आखूड होते आणि बोटे मिटतात. ज्या हातांनी स्फोटाची घटका मोजली, त्यांनीच लेकीच्या हातात पेन्सिल धरण्याचे बळ आणू पाहिले.

या स्नायूचे वारस म्हणजे आजचे मऊ यंत्रमानव. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने हवेवर सरपटणारा चार पायांचा रबरी प्राणी दाखवला. टोमॅटो न चिरडता उचलणारा पंजा, निकामी हात हलवणारा मोजा, अशी कामे या विद्येतून होऊ लागली आहेत. पण येथे एक अडचण आहे. रबर स्वस्त असते, हवा फुकट असते. महाग असतो तो हवेचा कारभार. प्रत्येक बोटाला तीन हुकूम लागतात: भर, धर, सोड. त्यासाठी दर बोटामागे विजेवर चालणाऱ्या दोन झडपा: एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी, धरून ठेवायचे तेव्हा दोन्ही बंद. चार बोटांना आठ झडपा, शिवाय पंप आणि दाब मोजणारे यंत्र. कारखान्यातला असा संच शाळेच्या आवाक्याबाहेरचा.

पण वाट निघाली आहे. २०१४ साली हार्वर्ड आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने अशा यंत्रांचे आराखडे सर्वांना मोफत खुले केले. २००५ साली इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो पाटीमुळे हुकूम देणारा मेंदू स्वस्त झाला. आणि घराघरातले रक्तदाब मोजणारे डिजिटल यंत्र तर या कारभाराचे छोटे रूपच आहे: पट्टा फुगवणारी मोटार, हवा सोडणारी झडप, दाब मोजणारा संवेदक, सारे एका डबीत. बिघडलेले यंत्र भंगारात टाकण्याऐवजी शाळेला द्यावे. एवढेच ध्यानात ठेवावे की, झडपेचा प्रवाह तुटताना विजेचा उलटा झटका बसतो. एक स्वस्त डायोड उलटा जोडला नाही, तर पाटी जळते. २०२१ साली तर कॅलिफोर्नियातील संशोधकांनी विजेच्या एकाही भागाशिवाय, नुसत्या मऊ झडपांच्या जोरावर चालणारा चार पायांचा यंत्रप्राणी केला. मऊ रबराने हवेला हुकूम द्यायचा, ही व्हॉलट्यूबचीच जात.

हे सारे वाचून आमच्या काही बांधवांना म्हणावेसे वाटेल, "पाहा, सगळे आमच्याच पूर्वजांनी शोधले!" तेही खरे नाही. बनू मूसांनी यंत्रमानव केला नव्हता आणि व्हाइटसाइड्स त्यांचे शिष्य नव्हेत. पूर्वजांच्या नावाने छाती फुगवणे म्हणजे झडप नसलेल्या ट्यूबमध्ये हवा भरणे. पंप मारीपर्यंत फुगलेली दिसते. बनू मूसांनी केले ते आम्ही करतो का, हा खरा प्रश्न आहे. परकी विद्या आपल्या भाषेत आणण्यासाठी आमच्यापैकी कोण महिन्याला पाच दिनार तरी देतो? झडप, दाब, नियंत्रण यांवर मुलाच्या हाती द्यावे असे साधे पुस्तक आम्ही उर्दूत शोधले, मराठीतही शोधले. आम्हांला काही हाती लागले नाही.

प्रदर्शनानंतर त्या मुलाने पंजा पुन्हा केला, या वेळी रक्तदाबाच्या दोन जुन्या यंत्रांतली मोटार आणि झडपा घालून. बोट वाके, पण 'धर' म्हटले की हळूहळू सैल पडे. आम्ही तारा तपासल्या, हुकूम तपासले, दोन दिवस घालवले. शेवटी त्याच्या वडिलांनी बोट घमेल्यातल्या पाण्यात बुडवले. सांध्यातून बारीक बुडबुडे आले. त्यांनी जागा घासली, सोल्यूशन लावले आणि आम्ही घाईने ठिगळ पुढे केले, तेव्हा म्हणाले, "सर, पहले सूखने दो."

बोटाने हवा धरली. मुलगा यंदा दहावीला आहे. पुढे विज्ञान घ्यायचे म्हणतो. वडिलांनी आम्हांला विचारले की, पुढचे शिक्षण उर्दूत मिळेल का. आम्ही खरे ते सांगितले: बहुधा नाही. म्हणून आता संध्याकाळी त्यांच्या दुकानाशेजारी बसून आम्ही दोघे झडपेवरचे एक छोटे पुस्तक लिहितो आहोत. तो उर्दूत, आम्ही मराठीत. चित्रे चुकली की वडील दुरुस्त करतात.