राणीचे पिल्लू आणि त्याचे नाव

छोट्या जातीचे पिल्लू घ्यायचे, तर आज आधी त्याची वंशावळ विचारतात. व्हिक्टोरिया राणीच्या पेकिनीजची कुळकथा त्याच्या नावातच होती.

ऑक्टोबर १८६०. दुसऱ्या अफू युद्धात ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा बादशाही उद्यानप्रासाद लुटला; पुढे ब्रिटिशांनी तो जाळला. तिथे सापडलेले एक इवलेसे कुत्रे कॅप्टन जॉन हार्ट डन याने इंग्लंडला नेले. त्याची लष्करी टोपी हाच त्या कुत्र्याचा प्रवासातला बिछाना. १८६१ मध्ये ते राणीला नजर झाले.

नाव ठेवले ‘लूटी’! आपल्याकडचा ‘लूट’ हा शब्द तोवर इंग्रजीत रुळला होता. अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल. संकोचाचे तर नावच नको.

फ्रीड्रिख काइल याने त्याच वर्षी रंगवलेले लूटीचे चित्र आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात, त्याच नावाने आहे.