अ‍ॅरिस्टियसच्या मधमाश्या

व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'चा (इ.स.पू. 29) चौथा सर्ग मधमाशीपालनावर आहे, आणि त्याच्या अखेरीस एक अपराधकथा येते. अ‍ॅरिस्टियसपासून पळताना युरिडिसीला सर्पदंश होतो. तिच्या सख्या, वनदेवता, रुष्ट होऊन त्याच्या साऱ्या मधमाश्या नष्ट करतात. प्रायश्चित्तासाठी तो चार बैल व चार कालवडी बळी देतो. नवव्या पहाटे त्या कलेवरांतून माश्यांचे थवे उठतात.

ही समजूत शतकानुशतके टिकली. तिचे मूळ बहुधा 'एरिस्टॅलिस' या मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माशीत असावे. तिच्या अळ्या कुजक्या द्रवात वाढतात. (गंमत अशी, की तीही परागीभवन करते!) फुलांचे फलन कीटकांवर अवलंबून असते, हे श्प्रेंगेलने सविस्तर मांडले ते 1793 मध्ये. व्हर्जिलला ते ठाऊक नव्हते. माश्यांच्या जन्माबाबत तो चुकला. त्यांच्या मरणामागे मात्र त्याने माणसाचे कृत्य पाहिले, आणि मला हेच मोलाचे वाटते.

2006 च्या सुमारास अमेरिकेत मधपेट्या अकस्मात ओस पडू लागल्या. व्हरोआ हा परजीवी, कीटकनाशके, फुलांचे दुर्भिक्ष अशी अनेक कारणे चर्चिली गेली. अ‍ॅरिस्टियसही प्रथम आईलाच बोल लावतो. स्वतःचा अपराध त्याला प्रोटियसला बांधून, बळजबरीने वदवून घ्यावा लागतो.