सोलकढी

सोलकढी : नारळाच्या दुधात आमसुलाचा (कोकमाच्या वाळवलेल्या सालीचा) किंवा आगळाचा (कोकमाच्या खारवलेल्या रसाचा) आंबटपणा उतरवून केलेला, न शिजवलेला कोकणी पदार्थ. भाताशी कालवून खातात किंवा जेवणाच्या शेवटी पितात. वेळणेश्वर (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) येथे समुद्रालगतच्या आगरात माड आणि डोंगरउताराला रातांबे (कोकमाची झाडे) असल्याने दोन्ही मुख्य जिन्नस गावातलेच.

स्वरूप : शास्त्रीय दृष्ट्या हे पायस होय, म्हणजे पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगत राहिलेले मिश्रण. मेयोनेज याच जातीचे. तेथे अंड्याच्या बलकातील लेसिथिन तेल धरून ठेवते, येथे हे काम नारळातील प्रथिने करतात. मेयोनेजमध्ये अंडे कच्चेच राहते, म्हणून तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली. सोलकढीला अंडे लागत नाही, पण तिची प्रथिने दुबळी. साधारण ८० अंश सेल्सियसला ती गोठतात आणि कढी फाटते. आम्ल जास्त झाले तरी थेंब एकमेकांना चिकटतात, त्यामुळे काही तासांतच वर दाट थर आणि खाली पाणी दिसू लागते. ढवळले की पुन्हा एकजीव होते. फ्रीजमध्ये ठेवल्यास खोबरेल थिजून कणी धरते, कारण ते सुमारे २४ अंशांखाली घट्ट होते.

कृती : एका नारळाला आठ-दहा आमसुले पुरतात. ती अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने कोळावीत. नारळ विळीवर खवताना पाठीची तपकिरी साल येऊ देऊ नये, रंग मळतो. चव (खवलेला नारळ), मिरची, जिरे (आणि चालत असेल तर लसूण) कोमट पाण्यात वाटून पंचातून पिळावे. पाणी कोमटच हवे, गारात तेल सुटत नाही. निघतो तो जाड रस. चोथा पुन्हा पाणी घालून वाटला की पातळ रस. दोन्ही एकत्र करून कोळ थोडा थोडा घालावा. कोळ कमी पडला तर रंग जांभळट राहतो, पुरेसा झाला की स्वच्छ गुलाबी होतो. कोकमातील अँथोसायनिन आम्लात लाल होते त्याचा हा परिणाम. बीट घालून आणलेल्या रंगाला हा गुण नाही आणि तो टाळावा. मीठ सर्वांत शेवटी, चाखून. आगळ वापरल्यास फार थोडे, कारण आगळ खारवलेलेच असते.

कोकम : (गार्सिनिया इंडिका) नर व मादी झाडे वेगळी असल्याने बियांपासून केलेल्या लागवडीत साधारण निम्मी झाडे फळ देत नाहीत, आणि हे कळायला सात-आठ वर्षे जातात. यावर उपाय कलमांचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचे मोल असे, की तिची फळे पावसाच्या आत हाती येतात. आमसुले करताना साल उन्हात वाळवून तिला रातांब्याच्या रसाची पुटे पुन्हा पुन्हा द्यावी लागतात; एक सर आली तरी बुरशी धरते. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

नारळ : कोकणात ‘बाणवली’ ही उंच जात जुनी, वर्षाला माडामागे सुमारे ८० नारळ. भाट्ये (रत्नागिरी) येथील नारळ संशोधन केंद्राने ‘प्रताप’ ही जात दिली. डब्यातल्या दुधात बहुधा गवार गोंदासारखे स्थिरक असतात. असे दूध फाटत नाही, पण ताज्या रसाचा वास त्याला नसतो.

प्रकार : फोडणी द्यावी की नाही, लसूण असावी की नाही, याबाबत घराघरांत मतभेद आहेत. नारळ न घालता केलेल्या कोकमाच्या पातळ सारास काही ठिकाणी तिवळ म्हणतात.

इतिहास : पदार्थ परंपरागत आहे.